सेपरेट कार्ड

आमच्या भागात 'वेगळं निघालो' असं चारचौघांत कुणी म्हणत नाही. भावाभावांत फाटलं, अंगणात भिंत उभी राहिली, एकमेकांच्या दारावरून जाताना माना खाली गेल्या, तरी पारावर कुणी विचारलं तर उत्तर एकच, "आमी सेपरेट हाव." वेगळं निघालो म्हटलं की त्यात भांडण येतं, बायकांची तोंडं येतात, आईचं रडणं येतं आणि गाव खोदून खोदून विचारतं. सेपरेट म्हटलं की मिटलं. सेपरेट मीटर, सेपरेट नळ, सेपरेट बांध. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप हळूच विचारतो, पोरगा सेपरेट हाय का, आणि हो म्हटलं की चहाचा कप तोंडाला लावतो. लेकीला कुणाचं करावं लागणार नाही, एवढंच त्याला ऐकायचं असतं.

मी तेलगावकडच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. या शब्दाचा अर्थ किती वर्गांना फळ्यावर लिहून दिला असेल, देव जाणे. अलग, स्वतंत्र, निराळा. पोरांनी वहीत उतरवून घेतला, पास झाली, गेली. मी स्वतः मात्र तो शब्द खऱ्या कामाला एकदाच वापरला, आणि असा वापरला की अजून कुणी तो सहज बोलून गेलं तरी माझं डोकं सणकतं. घरात माझ्यासमोर तो शब्द कुणी काढत नाही. काढला तर मी काय बोलेन याचा नेम नसतो, हे आमच्या ह्यांना चांगलं ठाऊक आहे.

आमच्या घरात तीन भाऊ. थोरले मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले, विहिरीवरची मोटार चालू करताना विजेचा धक्का बसून. त्यांच्यामागं आक्का राहिल्या, माझ्या थोरल्या जाऊबाई. मूलबाळ नाही. माहेरी परत न्यायला भाऊ आला होता म्हणे, त्याला त्यांनी जेवू घालून माघारी पाठवला. मग मधले भाऊजी आणि त्यांची बायको, त्यांना मी मधल्या बाई म्हणायची. आणि शेवटी आम्ही. सासू-सासरे गेलेले, म्हणून कारभार भाऊजींकडं. पण घर चालायचं ते आक्कांच्या चुलीवर.

ही वैलाची मोठी चूल. एका तोंडावर भाकरी आणि बाजूच्या तोंडावर, वैलावर, कालवण. आक्का दर शनिवारी ती शेणामातीनं सारवायच्या. बारा माणसांचं पीठ एका काठवटीत मळायच्या, माप नाही, वाटी नाही, डोळ्यानं बघून मुठी घ्यायच्या आणि बरोब्बर बारा माणसांचं व्हायचं. भाऊजींना कडक भाकर, आमच्या ह्यांना मऊ, माझ्या डब्यात कांदा नाही कारण मला वर्गात बोलावं लागतं. मी नवी सून म्हणून आले तेव्हा मला भाकर थापता येत नव्हती. त्यांनी ते सहा महिने कुणाला कळू दिलं नाही. माझ्या वाटणीच्या भाकरी स्वतः थापायच्या आणि मधल्या बाई आल्या की पटकन काठवट माझ्यापुढं सरकवायच्या. अशी बाई.

मग ते वर्ष आलं. माजलगावच्या धरणाच्या पोटातून लोक मोटारसायकली घालून पलीकडच्या गावाला जायला लागले. कापूस गुडघ्याएवढा होऊन वाळला. कडबा संपला, मग कुणाकुणाच्या छपरांवरचं पाचट जनावरांपुढं पडलं. आमच्याकडं लहान-मोठी चौदा जनावरं. बैलजोडी, गाई, म्हशी, कालवडी. आठवडी बाजारात जनावर नेलं तर घेणारा कोण आहे आणि कशासाठी घेतोय ते सगळ्यांना दिसत होतं. भाऊजी एकदा दोन कालवडी घेऊन गेले आणि न विकताच संध्याकाळपर्यंत चालत परत आणल्या.

तेवढ्यात गावच्या दूध सोसायटीनं चारा छावणी काढली. माळावर बांबू आणि हिरव्या जाळीचं छप्पर, दोन टँकर, ट्रॅक्टरनं येणारा ऊस. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा आणि बांधायचं. सगळं खरं, पण नियम असा की एका रेशनकार्डावर पाचच जनावरं. आमचं कार्ड एक. म्हणजे नऊ जनावरं बाहेर.

त्या महिन्यात आमचं गाव जेवढं सेपरेट झालं तेवढं आधीच्या पन्नास वर्षांत झालं नसेल. बाप आणि लेक सेपरेट, सख्खे जुळे भाऊ सेपरेट, नवरा-बायको तेवढे राहिले होते. तालुक्याला कार्ड फोडायच्या खिडकीवर रांग लागली. आमच्याकडंही ठरलं. तीन कार्डं करायची. एक भाऊजींचं, एक आमचं, एक आक्कांचं. तिन्हीवर मिळून चौदाची चौदा जनावरं बसत होती. कार्ड फोडायला शपथपत्र लागायचं, आणि घरात लिहिणारी मी. ह्यांचं आणि आक्कांचं, दोन्ही मीच लिहिली.

नमुना समोर होता. मी राहण्यास व स्वयंपाकास विभक्त (सेपरेट) असून माझे उत्पन्न स्वतंत्र आहे, एवढंच त्यात होतं. पण मला वाटलं, अर्ज परत यायला नको. शेजारच्या घराचा परत आला होता आणि त्यांची गाय तेवढ्या दिवसांत गेली होती. मास्तरीण ना मी, उत्तर अपुरं राहिलेलं मला कधी चालत नाही. आमचा अर्ज सरळ होता, दोघं सख्खे भाऊ. आक्कांच्या अर्जावर शंका येईल असं वाटलं, विधवा बाई, एकाच घरात. म्हणून त्यांच्या कागदात शेवटी माझ्या मनानं एक ओळ वाढवली. 'माझ्या दीर-जावांशी माझा कोणत्याही प्रकारचा संबंध राहिलेला नाही.' पक्कं करून टाकलं आणि स्वतःवरच खूश झाले.

आक्का सही करायला बसल्या. सही मीच शिकवलेली, वाकडी पण स्वतःच्या हाताची. पेन धरून त्यांनी विचारलं, सेपरेट म्हणजे नेमकं काय गं. मी वर्गात सांगते तसं सांगितलं नाही. म्हटलं, काही नाही आक्का, नुसतं कागदापुरतं. तो कागद मी त्यांना वाचून दाखवला नाही. त्यांनीही वाच म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या की बैलजोडी माझ्या कार्डावर लावा, वासरं असल्यापासून मी सांभाळलीत. आणि सही केली.

कार्डं झाली, जनावरं छावणीत गेली. भाऊजी आणि हे आळीपाळीनं तिकडं राहायला लागले. आम्हाला वाटलं सुटलो. पंधरा दिवसांत तलाठी, सोसायटीचा एक माणूस बरोबर घेऊन, घरोघरी बघायला आला, कार्डं खरी की खोटी. आम्ही तयारीत होतो. मोठी चूल भाऊजींची म्हणून दाखवली. मागच्या खोलीत माझा गॅस. आणि रिकाम्या गोठ्यात तीन दगड मांडून आक्कांची चूल. तलाठ्यानं वाकून त्या दगडांमधल्या राखेत बोटं घातली. राख मोठ्या चुलीतून आणून टाकलेली, गार. दगडांना काजळीचं नाव नाही.

माणूस वाईट नव्हता. आरडाओरडा केला नाही. भाऊजींना बाजूला घेऊन म्हणाला, उद्या वरून कुणी आलं तर माझ्या नोकरीवर येईल, हे दगड काळे झालेले दिसू द्या. नाहीतर मला पाच बिल्ले काढून घ्यावे लागतील.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या गॅसवर आमच्यापुरतं करायला लागले, आक्का गोठ्यात स्वतःपुरतं रांधायला लागल्या आणि ताट घेऊन आत आमच्यात येऊन बसायला लागल्या. पण गावात ज्यांची जनावरं बाहेर राहिली होती त्यांचे डोळे आमच्या दाराकडंच. कुणीतरी सोसायटीत जाऊन सांगितलं की ती बाई जेवायला आत जाते. त्या संध्याकाळी भाऊजींनी आक्कांना सांगितलं, मान खाली घालून, की दोन-चार महिने तुमी तिकडंच जेवा, पाऊस पडला की चूल मोडून टाकू. आक्का म्हणाल्या, बैलं जगली पायजेत. एक तवा, एक परात, तांब्या आणि पाटा एवढं घेऊन त्या गोठ्यात गेल्या. काठवट नेली नाही. एकटीला ती कशाला, म्हणाल्या.

पहिल्या दिवशी त्यांच्या अकरा भाकरी झाल्या. हाताला सवय बारा माणसांची. मी शाळेतून आले तेव्हा त्या अकरा भाकरींच्या चवडीपुढं बसलेल्या होत्या. आत आणता येत नव्हत्या, कुणी बघितलं तर पंचाईत. शेवटी फडक्यात बांधून छावणीवर पाठवून दिल्या. दुसऱ्या दिवशी नऊ झाल्या, मग सात. कित्येक दिवस त्या शिळी भाकर खात होत्या आणि आदल्या दिवशीची संपायच्या आत आणखी करून ठेवत होत्या.

आता माझं सांगते, कारण हे लिहायला बसले त्याचं कारणच ते आहे. मला बरं वाटायला लागलं होतं. मागची खोली, माझा गॅस, चार माणसांचं जेवण, सकाळी शाळेला जायच्या आधी कुणाची वाट बघायची नाही, कुणाचं ऐकायचं नाही. मधल्या बाईंच्या टोमण्यांतून सुटका. डबा करून दार लोटून निघायचं. लग्नानंतर पहिल्यांदा मला माझं घर आहे असं वाटलं. गोठ्यात एक बाई एकटी जेवते आहे हे मला दिसत होतं, आणि मी स्वतःला समजावत होते की दुष्काळ आहे, कोण सुखात आहे. लाज वाटते हे लिहायला. वाटायलाच पाहिजे.

पाऊस झाला. फार नाही, पण झाला. छावणी उठली आणि जनावरं घरी आली. चौदाच्या चौदा. आमच्या गल्लीत असं घर दुसरं नव्हतं. बैलांना बघून आक्का गोठ्यात उभ्या उभ्या रडल्या आणि त्यांनी आपलं अंथरूण, भांडी, चूल सगळं एका कोपऱ्याला घेतलं, जनावरांना जागा व्हावी म्हणून. मला वाटलं आज भाऊजी बोलतील. ते बोलले नाहीत. आठ दिवसांनी हे बोलले, तर भाऊजी म्हणाले, मोडू की, कशाला घाई, कार्ड आता रद्द केलं तर चौकशी लागंल. मग सोसायटीची निवडणूक आली. भाऊजींना संचालक व्हायचं होतं, आणि सेपरेट कार्ड, सेपरेट दूध म्हणजे आक्का सेपरेट सभासद. एक मत वाढलं. मग घरकुलाची यादी लागणार होती, तिच्यात एकट्या बाईचा नंबर आधी. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखंच. मधल्या बाईंनी दरम्यान मोठ्या चुलीवर ओटा बांधून घेतला, फरशीचा. आम्ही सगळे मूग गिळून बसलो. ह्यांनी एकदा तोंड उघडलं होतं. मी तर तेवढंही केलं नाही.

आक्कांना कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, कागदापुरतं हाय, मोडायची हाय चूल. माझेच शब्द. दोन पोळे गेले, तरी त्या तेच सांगत होत्या.

मग सोसायटीच्या सभेत त्यांच्या नावावर हरकत आली. विरोधी बाजूचा एक जण उठून म्हणाला की ही बाई वेगळी नाहीच, एकाच घरातली दोन मतं आहेत. आक्का पुढच्या ओळीत खुर्चीवर बसलेल्या, डोक्यावर पदर घेऊन. चिटणिसानं छावणीच्या अर्जांची फाईल काढली आणि कार्डाबरोबर जोडलेलं ते शपथपत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. 'माझ्या दीर-जावांशी माझा कोणत्याही प्रकारचा संबंध राहिलेला नाही.' अध्यक्षांनी भाऊजींना विचारलं, हे खरं आहे का. भाऊजी उभे राहून म्हणाले, खरं हाय. हरकत फेटाळली गेली. मी मागं बायकांत बसले होते. मला आक्कांचा पदरच तेवढा दिसत होता. तो हलला नाही.

घरी येताना त्या आमच्या पुढं चालत होत्या. मी साडीही न बदलता गोठ्यात गेले. त्या चूल पेटवत होत्या. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "शेवटची ती वळ सायबानं घालायला सांगितली व्हती का?"

खोटं बोलता आलं असतं. तलाठी बदलून गेला होता, विचारायला कोण जाणार होतं. पण मला बोलवेना. मी म्हटलं, "नाही आक्का. मी घातली. अर्ज परत येऊ नये म्हणून."

त्यांनी मान हलवली. फुंकणीनं जाळ केला, तवा ठेवला. मला रडू फुटलं. मी म्हटलं, झालं ते झालं, मी चुकले, चला, आत्ताच्या आत्ता हे दगड मी माझ्या हातानं उचलून बाहेर फेकते, कार्डाचं भाऊजींना काय करायचं ते करू द्या, आजपासून तुम्ही माझ्याकडं जेवायचं. मी खरंच वाकले. त्यांनी हातातली उलथणी आडवी धरली.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "एकटीच्या पिठाचं माप हाताला बसायला मला वरीस लागलं. किती भाकरी फेकल्या म्हाईत हाय का तुला, त्या दुष्काळात. आता बसलंय. आता त्ये मोडू नको."

मी हट्ट धरला. तेव्हा त्या जे म्हणाल्या ते शांतपणे म्हणाल्या, राग नव्हता त्यात. राग असता तर मी पाया पडले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं. "बाई, मी यीन की. सणावाराला बोलीव, यीन. पर आता आले तर पाव्हणी म्हणून यीन."

मला वाटलं, दुखावलेलं माणूस बोलतं तसं त्या बोलल्या. चार दिवसांनी निवळतील असं धरून चालले. बैलपोळा जवळच होता. मी मधल्या बाईंशी भांडून सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र करायला लावला, मोठ्या घरात, त्याच ओट्यावर. पुरण मी वाटलं. बैलांना नैवेद्य दाखवून झाल्यावर गोठ्यात जाऊन आक्कांना बोलावलं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. दाराशी थांबल्या, बाहेरच्या तांब्यातलं पाणी घेऊन पाय धुतले आणि आत आल्यावर कुठं बसू असं विचारलं. त्या घरात त्यांनी तीस वर्षं बसायला पाट मांडले होते.

मधल्या बाईंनी पाट दिला. आक्का भिंतीला टेकून न बसता कडेला बसल्या. पोरांना कसं चाललंय, कितवीला आहात असं विचारलं, रोज तीच पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर असताना. आमटीला मीठ कमी होतं, मला पहिल्याच घासाला कळलं. मिठाची बरणी त्यांच्या हाताशी फळीवर. त्यांनी तिकडं पाहिलं नाही, मागितलंही नाही. दुसरी पोळी आग्रह करून वाढली तेव्हा नको नको म्हणत अर्धी घेतली. भाऊजी खाली बघून जेवत होते. जेवण झाल्यावर आक्कांनी ताटातच हात धुतला आणि ताट तिथंच ठेवून उठल्या. आमच्याकडं पाहुण्याला ताट उचलू देत नाहीत, आणि त्यांनी ते उचललं नाही.

स्वयंपाक लई चांगला झाला, त्या मधल्या बाईंना म्हणाल्या. मग पदर सारखा करून उंबऱ्यापाशी आल्या. गोठा तिथून वीस पावलांवर. माझ्याकडं वळून त्यांनी हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाल्या, "येते मी."

आणि माझ्या तोंडून, रोज आल्यागेल्याला म्हणून म्हणून बसलेल्या सवयीनं, निघून गेलं, "या आक्का. परत या."